सोपा गट

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भोपाळच्या एका विद्यापीठाच्या क्रिकेट संघात बातमी पसरली की आपला विभाग बदलणार. बातमी आणली डावखुऱ्या स्पिनरने. त्याचे मामा दुसऱ्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कारकून होते, आणि मामांनी म्हणे कुणाच्या तरी टेबलावर कागद पाहिला होता. कागदावर काय होतं ते मामांनी वाचलं नव्हतं. पण "को खां, सुना क्या?" एवढ्या सुरुवातीवर भोपाळमध्ये कुठलीही गोष्ट दुपारपर्यंत खरी होते.

विद्यापीठांच्या स्पर्धा एआययू, म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, भरवते. देशाचे चार विभाग आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. मध्य प्रदेश पश्चिमेत येतो आणि त्याच्या शेजारी महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात. म्हणजे आधी पहिल्या चारात यायचं, आणि या विभागात मुंबई बसलेली, पुणं बसलेलं. आपल्या या संघाची मजल पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीपलीकडे कधी गेली नव्हती.

आता ऐकू येत होतं की पाचवा विभाग होणार: मध्य विभाग. त्यात मध्य प्रदेश, छत्तीसगड, विदर्भ आणि जमलं तर उत्तर प्रदेशचा थोडा भाग. मुंबई नाही, पुणं नाही.

कप्तान बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. घर मराठी, राहणं शिवाजीनगरात सहा नंबरच्या मागे, भाषा अर्धी घरची अर्धी गल्लीची. मधल्या फळीत बरा खेळायचा. त्याहून बरा तो आकड्यांत होता. त्याने दोनशे पानी वही आणली आणि प्रस्तावित विभागातली सगळी विद्यापीठं लिहून काढली. लाल शाईत कठीण, निळ्यात बरोबरीचे, हिरव्यात सोपे. लाल शाई फारशी खर्च झाली नाही. मग त्याने ड्रॉ काढले. उत्तर प्रदेश आला तर एक, नाही आला तर दुसरा. विदर्भ पश्चिमेतच राहिला तर तिसरा. नागपूर आणि अमरावती वेगवेगळ्या अर्ध्यात पडले तर चौथा. प्रत्येक ड्रॉमध्ये आपला संघ पहिल्या चारात यायचा, दोनदा तर पहिला.

संघ ओल्ड कॅम्पियनच्या मैदानावर सकाळी सहाला नेट लावायचा. नेट आटोपलं की पोहे-जिलेबी आणि नमकवाला चहा. वही आल्यापासून चहा आधी होऊ लागला. सहाचे साडेसहा झाले, साडेसहाचे सात. झेलांचा सराव तसाही कुणाला आवडत नसे, तो सगळ्यात आधी गळाला. कीपर एकटा कुरकुरायचा. पण कीपरचं कोण ऐकतं?

यात मुलांना फार दोष देण्यात अर्थ नाही. कोण कुठल्या गटात जाईल, कुणाशी कुणाची गाठ पडेल, हा खेळ मूळ खेळापेक्षा सोपा असतो आणि त्यात घाम येत नाही. वर्तमानपत्रांची क्रीडा पानं निम्मी त्यावरच चालतात. राजकारणाची तर पूर्णच.

कप्तानाचा चुलत दादा कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकत होता. रविवारी व्हिडिओ कॉलवर कप्तानाने त्याला वही दाखवली. दादा हसला. "अरे, आमच्याकडे तर हे प्रत्यक्षात झालं. पॅक-12 नावाचा पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा जुना गट होता. टीव्हीच्या पैशांवरून फुटला. लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठं 2024 मध्ये बिग टेनमध्ये गेली. नाव टेन आणि आत अठरा संघ! मागे उरले फक्त दोन, ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट."

"आणि तुम्ही?"

"आम्ही आणि स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. खिडकीतून पॅसिफिक दिसतो आणि लीग अटलांटिकची. मुलं सामन्याला निघाली की अख्खा देश ओलांडतात. सेमिस्टरचे पेपर विमानात वाचतात."

कप्तानाला यातलं एवढंच ऐकू आलं, की तिकडेही विभाग बदलतात. त्याने वहीत दादाच्या नावाने एक पान केलं.

नानांचा प्रवेश इथे होतो. नाना म्हणजे कप्तानाच्या आजोबांचे मित्र, एका कॉलेजातून निवृत्त झालेले क्रीडा अधिकारी, वय पंचाहत्तरच्या घरात. सुनेने हाकलल्याशिवाय घरी न बसणारा माणूस. गणपतीत आरतीला आले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली, प्रसादाचा मोदक हातात तसाच.

"अक्षर छान आहे तुझं," ते म्हणाले. "हे सगळं कधी व्हायचंय?"

"नाना, यंदाच. नाहीतर पुढच्या वर्षी नक्की."

"मी सहा वर्षांचा होतो तेव्हा माझाच विभाग बदलला होता. 1 नोव्हेंबर 1956. तोवर नागपूर राजधानी होतं, जुन्या मध्य प्रदेशाची. बाबा सचिवालयात कारकून. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नवी राजधानी भोपाळ झाली, आणि कर्मचाऱ्यांच्या याद्या निघाल्या. कोण मुंबई राज्यात, कोण भोपाळला. सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बाबांचे मित्र रोज रात्री येऊन वाटण्या करायचे. याचं नाव इकडे, त्याचं तिकडे. शेवटी बाबांचं नाव भोपाळला निघालं. चर्चेतल्या एकाही यादीत ते तसं नव्हतं. टी.टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो आम्ही. ती क्वार्टरं परवा स्मार्ट सिटीवाल्यांनी पाडली म्हण."

"म्हणजे तुम्ही म्हणता, नकाशाला काही अर्थ नाही?"

"असं कुठे म्हणालो? नकाशा बदलला म्हणून होळकर संघ गेला. चार वेळा रणजी जिंकलेला संघ. सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे. संस्थान गेलं, त्याच्या मागे संघ गेला, मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश. आणि मग सत्तर वर्षांच्या आसपास वाट बघ. उलट छत्तीसगडचं बघ. राज्य झालं 2000 मध्ये, रणजीत स्वतःचा संघ उतरला 2016-17 च्या मोसमात. तोवर तिथल्या पोरांना आमच्या निवडीच्या रांगेत उभं राहावं लागायचं. 2018-19 मध्ये तर एकदम नऊ नवे संघ आले, सदतीस झाले. बिहार, उत्तराखंड, मेघालय. नकाशानं दार उघडलं, मला आनंदच झाला. तुझी वही दार उघडायला निघालेली नाही, बाळा. तू कुणाला तरी बाहेर काढायला निघालायस."

कप्तान गप्प. त्याची आई आतून म्हणाली, "नाना, मोदक खा आधी."

नानांनी मोदक खाल्ला आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन टेकवलं. "लिही. राजस्थान. 2002-03 पासून रणजीचे जुने विभाग गेले, एलिट आणि प्लेट असे दोन गट आले. प्लेट म्हणजे खालचा वर्ग. राजस्थान 2010-11 मध्ये त्या खालच्या वर्गातून आला आणि करंडक घेऊन गेला. त्यांनी हैदराबादला 21 धावांत गुंडाळलं, दीपक चहरनं दहा धावांत आठ घेतले. कप्तान कोण होता?"

"माहीत नाही."

"हृषिकेश कानिटकर. पुण्याचा. पुढच्या वर्षी परत जिंकले. आता विदर्भ लिही. 2017-18, अंतिम सामना आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, समोर दिल्ली. गुरबानीची हॅटट्रिक, नऊ गडी राखून विजय, 1 जानेवारी 2018. मी नागपूरचा, मी रडलो. दुसऱ्या वर्षी परत तेच. प्रशिक्षक कोण?"

"चंद्रकांत पंडित."

"मुंबईचा. आणि फलंदाजीत वसीम जाफर, तोही मुंबईचा. आता आपलं लिही. 1998-99, बंगळूर, चिन्नास्वामी. मध्य प्रदेश पहिल्या डावात पुढे असून कर्नाटककडून हरलं. आपला कप्तान पंडित. तेवीस वर्षांनी, जून 2022, तेच मैदान, प्रशिक्षक पंडित, समोर साक्षात मुंबई. त्यांनी केले 374, आपण 536. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं. सहा गडी राखून जिंकलो. मुंबईला कुणी विभागातून काढलं नव्हतं, आपण तिचा माणूस घरी बोलावला होता. तू मुंबई, पुणं वहीतून पुसलंस. मग शिकणार कुणाकडून? हिरव्या शाईवाल्यांकडून?"

कप्तानाला राग आला. तो मनात म्हणाला, नानांना काय, ते निवृत्त झालेत. पण बोलला नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत, आणि न बोललेला राग वहीत उतरतो. त्या रात्री त्याने आणखी दोन ड्रॉ काढले.

नोव्हेंबरात खरा ड्रॉ आला. पाचवा विभाग वगैरे काही नव्हतं, नेहमीचाच पश्चिम विभाग होता. मामांनी पाहिलेला कागद कसला होता ते कुणालाच कळलं नाही. मुलं आधी हिरमुसली आणि मग ड्रॉ नीट बघून उड्या मारू लागली. मुंबई दुसऱ्या अर्ध्यात, पुणं त्याच अर्ध्यात. पहिली गाठ विदर्भातल्या एका विद्यापीठाशी. कप्तानाने वही काढून पाहिलं, नाव हिरव्या शाईत होतं. मध्य विभागात शेजारी म्हणून ज्याला त्याने आनंदाने बोलावलं होतं, तोच हा संघ.

सामना सकाळी साडेआठला सुरू झाला आणि दुपारी संपला. आपल्या संघाने बऱ्यापैकी धावा केल्या होत्या. मग विदर्भवाल्यांचा सलामीवीर पाच धावांवर स्लिपमध्ये सुटला, तीसवर मिडविकेटला सुटला आणि साठच्या पुढे खुद्द कप्तानाच्या हातून सुटला. त्यानंतर त्याने झेल दिलाच नाही. ती मुलं काही जगावेगळी नव्हती. त्यांच्यात एकाचे बूट तळाशी फाटलेले होते. फक्त ती धावत होती, एकमेकांना हाका मारत होती, आणि चेंडू हातात आला की धरत होती.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकाच मांडवात जेवायला बसले. कप्तानाने त्यांच्या कप्तानाला विचारलं, "तुमच्याकडेही मध्य विभागाची चर्चा होती का रे?"

"व्हती ना बावा," तो भात कालवत म्हणाला. "आमच्या सरनं सांगितलं, जिथं टाकतीन तिथं खेळू. अन् उन्हाळ्यात आमाले पुन्याले नेलं. सहा सामने खेळलो, सहाही हारलो. लय मारलं त्यायनं."

भोपाळला परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. हबीबगंज, म्हणजे आताचं राणी कमलापती, जवळ आलं तेव्हा कीपर म्हणाला की उद्या सहाला नेट लावायचं का. मोसम संपलाय, कशाला, असं दोघे म्हणाले. बाकीचे आले.

कप्तानाचं ते शेवटचं वर्ष होतं, पण एम.कॉम.ला प्रवेश घेऊन तो आणखी एक मोसम खेळायला मोकळा राहिला. फेब्रुवारीत तो नानांकडे गेला, वही न घेता. पुण्यात त्यांच्या ओळखीचे कुणी क्रीडा अधिकारी आहेत का, एवढंच विचारलं. नानांनी चहा होईपर्यंत तीन फोन केले. भोपाळहून पुण्याला झेलम एक्सप्रेस जाते. परीक्षा आटोपल्यावर पंधरा मुलं स्लीपर क्लासने तिने गेली, एका कॉलेजच्या व्यायामशाळेत गाद्या टाकून राहिली आणि मेच्या उन्हात रोज हरली. शेवटचा सामना हरले तो मात्र शेवटच्या षटकात. कीपरने तिथल्या कीपरकडून उभं राहण्याची जागा बदलून घेतली. स्पिनरला कळलं की आपण प्रत्येक चौथा चेंडू आखूड टाकतो. हे त्याला भोपाळात कधीच कळलं नसतं, कारण भोपाळात तो चेंडू कुणी मारत नव्हतं.

पुढच्या मोसमात संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि मुंबईच्या एका विद्यापीठाकडून हरला. पहिल्या चारात काही आला नाही. त्या सप्टेंबरात बातमी परत आली होती, या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी काकांकडून. मध्य विभाग झालेला नाही. मध्य प्रदेशातली विद्यापीठं पश्चिम विभागातच खेळतात.