पांढऱ्या पायाची बोट

हातातलं काम बाजूला ठेवा. मोबाईल पालथा करा. मांडी घालायलाच हवी असं नाही, भिंतीला पाठ टेकली तरी चालेल. एका जुन्या शिडाच्या बोटीकडे थोडा वेळ नुसतं बघत बसायचं आहे.

दोन डोलकाठ्या, लांबी जेमतेम शंभर फूट. १८ मे १८६१ रोजी, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, स्पेन्सर्स आयलंड या गावी ती पाण्यात उतरली. नाव 'अ‍ॅमेझॉन'. पाण्यात उतरून महिना होतो न होतो तोच तिचा पहिला कप्तान आजारी पडून गेला. दुसऱ्याच्या हाताखाली ती मच्छिमारांच्या जाळ्यांना धडकली, मग इंग्लिश खाडीत दुसऱ्या एका जहाजाला धडकून तिने ते बुडवलं. १८६७ साली वादळाने तिला केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर आणून आपटलं, तेव्हा मालकांनी तिच्यावर पाणी सोडलं.

इथे जरा थांबा. मनात एक शब्द आला ना? आपल्याकडे तो तयारच असतो. सून घरात आली, महिन्याभरात सासरा गेला, दुभती म्हैस आटली, की शेजारीण कुजबुजते: पांढऱ्या पायाची. सासऱ्याचा दमा वीस वर्षांचा होता, हे तेव्हा कोणी मोजत नाही. बंदरावरच्या खलाशांनीही या बोटीला असंच काहीसं ठरवून टाकलं होतं. आलेला शब्द हाकलू नका. शेजारी बसू दे त्याला.

पुढे न्यूयॉर्कच्या एकाने ती स्वस्तात घेतली, खरेदीच्या पाचपट पैसा डागडुजीत घातला आणि नाव बदललं: 'मेरी सेलेस्ट'. सुनेचंही बदलतातच.

आता नोव्हेंबर १८७२. पोटात दारूअर्काची १७०१ पिंपं, जायचं इटलीतल्या जिनोआला. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, बायको सारा, दोन वर्षांची सोफिया आणि सात खलाशी. सात वर्षांचा मुलगा आर्थर शाळेसाठी आजीकडे राहिला. साराने बरोबर शिवणयंत्र घेतलं होतं आणि पायाने भाता चालवायची एक पेटी, आपल्या हार्मोनियमची नात्यातलीच. त्या पेटीपाशी थोडं रेंगाळा. खाली अटलांटिक हलतोय, वर कोणीतरी सूर धरतंय. माणूस घर कुठेही मांडतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला अझोर्स बेटं आणि पोर्तुगालच्या मधल्या समुद्रात 'डेई ग्रात्सिया' जहाजाला ती दिसली. चाल वेडीवाकडी, सुकाणूवर कोणी नाही. वर चढून पाहिलं तर एकही माणूस नाही. सहा महिने पुरेल एवढं अन्नपाणी होतं. छोटी होडी तेवढी गेलेली. नोंदीच्या पाटीवर शेवटची वेळ २५ नोव्हेंबर, सकाळचे आठ. पोटात साडेतीन फूट पाणी, तेवढ्या बोटीला फार नव्हे. एक पंप खोललेला. आणि डेकवर पडलेला गज.

बाकी सगळं सोडा, त्या गजाकडे बघा. बोटीत पाणी किती शिरलंय ते मोजायचा तो गज. नळीत सोडायचा, वर काढायचा, कुठवर ओला झाला ते पाहायचं, पुन्हा जागेवर ठेवायचा. कोणीतरी तो ठेवला नाही. पाणी आहे त्याहून जास्त वाटलं असेल? की अर्काच्या वाफेचा भडका उडेल अशी भीती वाटली? जिनोआला माल उतरवला तेव्हा नऊ पिंपं रिकामी निघाली. लेकरू कडेवर असताना कप्तानाने काय ठरवलं असेल, यावर दीडशे वर्षं कागद काळे होत आहेत. मला त्यात फारसा रस नाही.

माझं लक्ष दुसरीकडेच जातं. ती बुडाली नाही. माणसांनी तिला सोडल्यावरही ती जवळपास चारशे सागरी मैल एकटी चालत राहिली. पुढे फक्त तीन माणसांनी तिला सहाशे मैल हाकून जिब्राल्टरला सुखरूप आणलं. जिच्यावर भरवसा राहिला नाही, ती तरली. हे वाक्य घाईने पुढे ढकलू नका. एक लांब श्वास घ्या, सोडा.

जिब्राल्टरच्या सरकारी वकिलाला तिच्यावर रक्ताचे डाग दिसले; तपासले तर ते रक्त नव्हतंच. शिक्का मात्र पुसला गेला नाही. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ती कुजत पडली, मग तोट्यात विकली गेली. १८७९ साली आणखी एक कप्तान आजाराने सेंट हेलेना बेटावर वारला. तोही तिच्याच खाती.

शेवट हैतीजवळ. ३ जानेवारी १८८५. कप्तान गिलमन पार्करने पोटात टाकाऊ माल भरला होता आणि विमा उतरवला होता तीस हजार डॉलरचा. रोशलुआचा प्रवाळखडक नकाशांवर स्पष्ट दाखवलेला होता. त्याने ती नेमकी त्यावर नेऊन घातली. बोस्टनच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, पार्कर सुटला.

मघाशी शेजारी बसवलेला तो शब्द अजून आहे का तिथे?

२००१ साली शोधकांनी त्याच खडकावर सांगाडा सापडल्याचं जाहीर केलं. पुढे लाकडातली वर्षांची वलयं मोजली, तर ती झाडं १८९४ पर्यंत जंगलात उभी होती. म्हणजे हाडं दुसऱ्याच कुणाची. तिची तिथेच कुठेतरी, प्रवाळाखाली.