बापूजी अणे यांचा राजीनामा आणि गोपनीयतेची मर्यादा

राष्ट्रीय नेत्यांच्या खासगी संभाषणात आणि पत्रव्यवहारात गुप्तता नेमकी कशाची पाळायची, या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे जन्मलेल्या लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांच्या सार्वजनिक जीवनाच्या आधारे करता येतो. जुलै १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष असताना पुण्यात कार्यकर्त्यांची अनौपचारिक परिषद भरली. तिच्यातील चर्चा गोपनीय असूनही तिचे वृत्तांत वर्तमानपत्रांत फुटले, आणि गांधीजींनी तारेने मागितलेली भेट नाकारताना व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी त्याच वृत्तांतांकडे बोट दाखवले. अशा अनधिकृत बातम्यांवर सरकारने विसंबावे, याबद्दल गांधीजींनी उलट तारेने व्यक्त केलेली नाराजी रास्तच होती. कारण खासगी चर्चेत माणसे आपले मत अजून घडवत असतात, आणि घडणीतले मत कोणाविरुद्धही पुरावा म्हणून वापरणे अन्यायाचे असते.

पुढे १९४१ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे, म्हणजे राज्यकारभाराची खाती सांभाळणाऱ्या सल्लागार मंडळाचे, सदस्य झाले. ३१ डिसेंबर १९४२ रोजी आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेतून गांधीजींनी तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अगदी व्यक्तिगत म्हणून पत्र लिहिले आणि लिनलिथगो यांनीही उत्तर व्यक्तिगतच ठेवले. भाषा सौजन्याची राहिली, मतभेद मात्र तसूभरही हटला नाही. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींचे २१ दिवसांचे उपोषण सुरू झाले आणि सरकारने तो पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. उपोषणाबाबत सरकारने काय करावे, यावर मंडळात एकमत होईना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले. संयुक्त निवेदनात त्यांनी मतभेदाचा विषय स्पष्टपणे सांगितला, तो मूलभूत असल्याचे म्हटले आणि व्हाइसरॉयच्या सौजन्याची कृतज्ञतेने नोंद केली. परंतु बैठकीत कोण काय बोलले, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

गांधीजींच्या प्राणांवर बेतले असताना असे आभार मानणे अनेकांना मिळमिळीत वाटेल, आणि त्याच वर्षी अणे भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, याकडेही टीकाकार बोट दाखवू शकतील. तथापि स्वतःचा निर्णय आणि त्याचे कारण जनतेपासून न लपवता इतरांनी विश्वासाने उच्चारलेले शब्द राखणे, ही त्या निवेदनातील विभागणी अचूक होती, आणि पद सोडून दिलेले असल्यामुळे तिला भित्रेपणा म्हणता येत नाही.