विंचवाचे बिऱ्हाड

संसाराविषयी बोलताना आपल्याकडे एक दृष्टांत नेहमी दिला जातो. जग ही धर्मशाळा आहे आणि जीव हा वाटसरू आहे. रात्रीपुरता उतरला, पहाटे उठून जाणार. तेव्हा भिंतींत जीव गुंतवू नये. सिद्धांत खरा आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी ‘अनिकेत’ हे पद घातले आहे. निकेत म्हणजे घर. ते ज्याला नाही तो अनिकेत. माउलींनी त्या पदावर वाऱ्याचा दाखला दिला. वारा सगळीकडे वाहतो, पण त्याचे बिऱ्हाड एका ठिकाणी नसते. आणि लगेच पुढे सांगितले, की अशा भक्ताला सगळे विश्वच आपले घर वाटते.

आता विचार करू. ज्याला वर्षातले पाच-सहा महिने खरोखरच घर नसते, त्याला हा दृष्टांत सांगावा का? आणि सांगितला, तर त्यातून त्याने काय घ्यावे आणि आपण काय घ्यावे?

दसरा-दिवाळी उरकली, की बीड, जालना, परभणी, पाथर्डीकडून माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती कष्टाने फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. माणसाची मोजदाद हत्याराने होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ट्रकात नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाचे डबे, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे चढतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कोणी थेट कर्नाटकात. तिथे कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ बांबू वाकवून, वर ताडपत्री आणि पाचट टाकून कोपी उभी राहते. आत वाकूनच शिरावे लागते. पहाटे चारच्या सुमारास फडाकडे निघायचे. ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एका गावचा ऊस संपला, की टोळी कोप्या मोडते आणि पुढच्या गावी निघते.

एका हंगामात अशाच एका टोळीने तळावर कीर्तन ठेवले होते. लवकर आटपा, पहाटे फडात जायचे आहे, असे आधीच सांगून ठेवले होते. कीर्तन झाल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली आणि म्हणाली, “म्हाराज, धरमशाळंत मोरी तरी असती.” एवढेच बोलली आणि गेली. तिच्या बोलण्यात रागही नव्हता. पण पूर्वपक्ष इतका नेमका मांडलेला मी पंडितांच्या सभेतही क्वचितच ऐकला आहे.

म्हणून ‘अनिकेत’ या पदाचा नीट विचार केला पाहिजे. वाऱ्याला बिऱ्हाड नसते हे खरे, पण वाऱ्याला थंडी वाजत नाही, वाऱ्याला कडेवरचे लेकरू नसते आणि वाऱ्यावर कोणाची उचल फिरत नाही. अनिकेत तो, ज्याने घर असताना घराची आसक्ती सोडली. हल्ली काही लोक मोटारीतच चूल, अंथरूण आणि मोरी करून देशोदेशी हिंडतात. घर चाकांवर असले, तरी निघायचे केव्हा आणि थांबायचे कुठे हे त्यांचे त्यांनी ठरवलेले असते. ऊसतोड्याचे बिऱ्हाडही विंचवासारखे पाठीवर असते, पण चाक फिरवणारा दुसराच असतो. जे आपण होऊन सोडले त्याला वैराग्य म्हणावे. जे परिस्थितीने हिसकावून घेतले, त्याला वैराग्याचे नाव देऊ नये.

इथे कोणी आशंका घेईल, की ज्याचे त्याचे प्रारब्ध, त्याला आपण काय करणार? समाधान असे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. तेव्हा तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत कितीतरी तरुण होत्या. दुखणे अंगावर काढायचे, कारण एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. तळावर ना न्हाणी, ना आडोसा, ना संडास. मग पाळीचा आणि दुखण्याचा त्रास कायमचा मिटावा म्हणून पिशवीच काढून टाकायची. याला प्रारब्ध म्हणायचे का? प्रारब्ध हा शब्द स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखासाठी संतांनी दया हा शब्द दिला आहे. या दोन शब्दांची अदलाबदल केली, की परमार्थ पाषाणासारखा होतो.

चोखोबारायांचे चरित्र आठवावे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. शके १२६०, म्हणजे सन १३३८ ची ही गोष्ट. आपल्या संतमांदियाळीतला एक थोर महात्मा कामाच्या जागी, कामगार म्हणून गेला. देह नाशिवंत आहे, तो कुठे पडला तरी सारखाच, हे नामदेवरायांना ठाऊक नव्हते का? तरी ते मंगळवेढ्याला गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे परंपरा सांगते. त्या अस्थी त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वाराशी समाधी बांधली. नाशिवंत देहाचा एवढा मान ज्यांनी ठेवला, त्यांच्या पायरीवरून आपण पुढे जातो. मग जित्या देहाचा मान किती ठेवला पाहिजे, ते वाचकांनीच ठरवावे.

माउलींची पालखी फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने येते. तुकोबारायांची बारामती, इंदापूर, अकलूजवरून येते. हा सगळा उसाचा पट्टा. आषाढीच्या वाटेवर हीच गावे एका रात्रीच्या पाहुण्यासाठी विहिरी मोकळ्या करतात, भाकरी थापतात, शाळा उघडून देतात. तात्पुरत्या मुक्कामाची सोय कशी करावी हे या मुलखाला कोणी शिकवायला नको. पिढ्यान्पिढ्या तो करत आला आहे. त्याच शिवारात थंडीच्या दिवसांत कोप्या पडतात आणि तिथे पाण्याच्या हंड्यासाठी बाईला विनवणी करावी लागते. शिवाय ही माणसे निराळी नाहीत. हंगाम संपवून गावी परतलेल्यांपैकी कितीतरी जण आषाढीला दिंडीत चालतात. आषाढात आपण ज्याला ‘माउली’ म्हणून पायाला हात लावतो, तोच पौषात ‘टोळीवाला’ होतो. पाय तेच असतात. बदललेली असते ती आपली दृष्टी.

दुसरी आशंका शेतकऱ्याची आहे. तो म्हणेल, तोडीसाठी आम्हालाच हात जोडावे लागतात, टोळी खुशाली मागते, उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. हेही खरे आहे. मुकादमाचीही उचल बुडते. या गाड्यात सगळेच जुंपलेले आहेत, पण सगळ्यांच्या मानेवर जू सारखे नाही. आणि विहिरीवरून पाणी भरू देणे, कोपीपर्यंत दिव्याची वायर ओढू देणे, बायकांना आडोसा करून देणे, यांपैकी कशानेही शेतकरी बुडत नाही. गावातल्या शाळेत पाच महिने चार लेकरे जास्त बसली, तर वर्ग मोडत नाही. कारखान्याचे संचालक, मुकादम, गुरुजी यांच्यात आपले माळकरी पुष्कळ आहेत. आजारी बाईचा खाडा धरू नये, एवढे त्यांच्यातल्या एकाने जरी ठरवले, तरी एकादशीचे पुण्य त्याच्या दारी चालत येईल.

संत भगवानबाबांनी याच दुष्काळी मुलखात कीर्तनाबरोबर शिक्षणाचा आग्रह धरला होता. त्यांच्या नावाने २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना काढली. आई-बाप फडात असले, तरी लेकरू गावाकडे शिकावे, हा तिचा हेतू. आपल्या तालुक्यात असे वसतिगृह आहे का, असल्यास तिथे लेकरे पोटभर जेवतात का, हे पाहून येणे हासुद्धा हरिपाठाइतकाच नित्यनेम समजावा.

तर मग धर्मशाळेचा दृष्टांत सोडून द्यावा का? मुळीच नाही. तो ज्याचे घर पक्के आहे त्याला सांगावा, म्हणजे त्याची मूठ सैल होईल. कोपीत राहणाऱ्याला विश्वच घर आहे हे कळायचे असेल, तर त्या विश्वातल्या चार दारांनी आधी उघडले पाहिजे. पुंडलिकाच्या दारी देव आला, तेव्हा पुंडलिक मायबापांच्या सेवेत होता. त्याला उठता येईना. पण दारी आलेल्याला चिखलात उभे करायचे नाही, एवढे त्याला कळत होते. म्हणून त्याने हाताशी होती ती वीट पुढे सारली. पुंडलिकाने वाडा बांधून दिला नव्हता, एक वीटच दिली होती. त्या विटेवर देव अठ्ठावीस युगे उभा आहे.

यंदाच्या हंगामात आपल्या शिवारात कोप्या पडतील, तेव्हा आपल्या हाताशी कोणती वीट आहे ते प्रत्येकाने पाहावे.

राम कृष्ण हरी.