माती आधी बिघडते

बनारसच्या लहरतारा भागात, जिथल्या तळ्यात कबीर सापडले असे सांगतात, पूर्वी रेल्वेचे कर्करोग रुग्णालय होते. 2018पासून ते टाटा स्मारक केंद्राकडे आहे. 2019मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात याच केंद्राचे दुसरे रुग्णालय, महामना मदन मोहन मालवीय यांच्या नावाचे, उभे राहिले. पूर्वांचल आणि बिहारमधून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणारे काही रुग्ण आता तिथेच थांबतात. त्यांत तोंडाचा कर्करोग असलेले पुष्कळ. पानाचे नाव मोठे, पण या पट्ट्यात दोहराही चघळतात: सुपारी, कात, चुना, कधी तंबाखू. विदर्भातल्या वाचकाला खर्रा आठवेल. 2022च्या अंदाजानुसार जगात या रोगाचे सुमारे 3.9 लाख नवे रुग्ण सापडले, त्यांतले 1.4 लाखांच्या आसपास भारतातले.

कर्करोग म्हणजे बिथरलेली पेशी, या समजुतीवर गेल्या शतकातले बहुतेक संशोधन चालले. पेशीच्या शेजाराकडे कुणी पाहिलेच नव्हते असे मात्र नाही. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पेजेट यांनी 1889मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात वाटेल तिथे पसरत नव्हता, काही अवयव त्याला जास्त मानवत होते. बी कुठेही उडते, रुजते मात्र मानवेल त्या मातीत, असे त्यांनी मांडले. लोकांनी ते वाचले आणि पुन्हा बियाकडे वळले. सूक्ष्मदर्शकाखाली बी ठळक दिसते, माती नुसती पार्श्वभूमी वाटते. दुर्लक्षाचे कारण बहुधा एवढेच असावे.

तोंडाच्या बाबतीत मात्र मातीने स्वतःहून साक्ष दिली. 1953मध्ये दोन गोष्टी घडल्या, एकमेकींपासून दूर. शिकागोत डॅनली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी 783 रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि गाठीभोवतीची निरोगी दिसणारी त्वचाही बिघडलेली असते असे दाखवले. गाठ पूर्ण काढूनही शेजारी दुसरी का उगवते, याचे उत्तर त्यात होते. त्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळूखाली तंतू साचून तोंड आवळत जाण्याच्या विकाराची नोंद केली. आदल्या वर्षी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये तो दिसला होता.

माझ्या मते या सगळ्या कथेत जोशींच्या त्या नोंदीला मिळाली त्याहून मोठी जागा हवी. इथे बी अजून पेरलेच गेलेले नसते आणि माती दगडासारखी होते. सुपारीतले अरेकोलीन तंतुपेशींना चेतवते, त्या कोलॅजेन रचत राहतात. सुपारीतल्या तांब्यामुळे ज्या विकराचा जोर वाढतो, तो या धाग्यांना एकमेकांत असे गुंफतो की शरीराला ते सहज मोडता येत नाहीत. त्यात सततचा दाह. रक्तवाहिन्या कमी होतात, वरची त्वचा पातळ पडते, तिखट झोंबू लागते, आणि एक दिवस तीन बोटे तोंडात मावेनाशी होतात. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीने हे होते. 2004मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले. आपल्याकडे ती अजून पूजेच्या ताटात आणि मुखवासाच्या डबीत निरागस बसलेली असते.

मधल्या काळात बियाचा अभ्यास थांबला नाही, आणि थांबायला नकोही होता. खारघरच्या टाटा संशोधन केंद्राने कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेबरोबर भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींमधली जनुकीय उलथापालथ 2013मध्ये मांडली. पण उपचाराच्या खोलीत ज्या खुणेला आज किंमत आहे, ती पीडी-एल1 हे प्रथिन, आणि ते मोजण्याची रीत बोलकी आहे. नुसत्या कर्कपेशी मोजत नाहीत. भोवतालच्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज पेशीही त्याच आकड्यात धरतात. पेजेटची माती अशी 130 वर्षांनी प्रयोगशाळेच्या अहवालात शिरली. तो आकडा पाहून जी प्रतिकारशक्तीची औषधे देतात, ती बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची. त्यावर परळच्या डॉक्टरांनी वाट काढली: निवोलुमॅब एरवी दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम देतात, त्यांनी तीन आठवड्यांतून फक्त 20 दिले, जोडीला स्वस्त गोळ्या. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांवरच्या 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले.

तरीही ही खूण गाठ झाल्यावरची. लाळेतल्या, रक्तातल्या खुणांवर दरवर्षी निबंधांचा ढीग पडतो, आणि त्यांतले फारच थोडे बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलापर्यंत पोचते. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात तोंड आवळलेल्या 66 जणांवर 17 वर्षे लक्ष ठेवले होते. त्यांतल्या पाचांना कर्करोग झाला, उरलेल्यांना नाही. सुपारी सोडायला सगळ्यांनाच सांगावे लागते, पण महिन्या-दोन महिन्यांनी बोलावून पुन्हा पुन्हा तपासायचे कुणाला, हे ते पाच आधी ओळखता आले तरच ठरेल. त्यांच्या आणि इतरांच्या मातीत काय वेगळे होते, हे गाठींच्या नमुन्यांत सापडायचे नाही. त्यासाठी बनारसच्या पानठेल्यापाशी उभ्या असलेल्या, अजून रुग्णालयाची पायरीही न चढलेल्या माणसाच्या गालातला तुकडा लागेल.