न करण्याचें पुण्य

गर्भिणीस औषध दिलें नाहीं म्हणजे आपण निर्दोष, हें मत आमच्या गारगोटींत जसें, तसें विद्वानांतही रूढ आहे. परंतु न करणें हीदेखील एक कृतिच होय. एच.आय.व्ही.बाधित मातेस उपचार न मिळाल्यास गर्भावस्था, प्रसूति व स्तनपान यांवाटे शंभरांपैकीं १५ ते ४५ बालकांस बाधा होते. योग्य औषधांनीं तें प्रमाण ५ हून खालीं येतें. हें ज्ञान आकाशांतून पडलें नाहीं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांत, तसेंच इथिओपिया व युगांडा येथें, मातांनीं आपल्या तान्ह्यांस ६ आठवडे नेव्हिरपीन देण्याच्या प्रयोगास संमति दिली. त्या अवधींत बाधा कमी झाल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. रिबाव्हिरिनसारखें औषध गर्भिणीस वर्ज्य, हेंही प्राण्यांवरील परीक्षेनेंच कळलें. म्हणून मातेस परीक्षेंतून वगळणें हें तिचें रक्षण, असें आम्हांस वाटत नाहीं. वैद्यांच्या देखरेखींतील धोका तेवढा तिच्या एकटीच्या माथीं जातो.