खुंटा

आबांच्या सातवीतल्या नातीला बाईंनी गृहपाठ दिला होता : 'डळमळणे'चं प्रयोजक रूप लिहा आणि वाक्यात उपयोग करा. हसणे-हसवणे, पळणे-पळवणे, तसं तिने 'डळमळवणे' लिहिलं. वाक्य मात्र सुचेना. म्हणून पेपर उघडला. तिथे सरकार डळमळीत झालं होतं, कुणाची तरी खुर्ची डळमळत होती, पण 'डळमळवलं' असं कुणीच लिहिलं नव्हतं.

रूप व्याकरणात बसतं, तोंडात बसत नाही, एवढंच. बोलताना आपण डळमळीत करतो, खिळखिळं करतो, नाहीतर आतून पोखरतो. ही तिन्ही एक नव्हेत. वाळवी तुळई पोखरते तेव्हा वरचा रंग शाबूत असतो. खिळखिळे होतात ते सांधे; तिच्या धाकट्या भावाने झोके घेऊन घेऊन तशी केलेली खुर्ची ओसरीवरच पडली होती. दात मात्र नुसता हलतो, डळमळत नाही. का, ते मला विचारू नका.

आबा गोठ्यात नव्या गाईसाठी खुंटा रोवत होते.

"आबा, डळमळवणं म्हणजे वाईटच ना?"

"आधी हा खुंटा हलव."

"आत्ताच तर रोवलाय. उपटून येईल!"

"येऊ दे. हलव."

तिने दोन्ही हातांनी धरून हलवला. बाभळीचा तो खुंटा डोलला आणि बुडाशी बोटभर फट पडली. आबांनी फटीत मुरूम आणि विटांचे तुकडे सारले, पहारेच्या बोथट टोकाने ठोसले. "हलव." आता फट नखाएवढी. पुन्हा मुरूम, पुन्हा ठोसे, वर तांब्याभर पाणी. तिसऱ्या खेपेला तिने पाय रोवून जोर लावला, तर तिचीच चप्पल घसरली.

खुंटा हलवून बळकट करणे हा वाक्प्रचार गोठ्यातूनच आला असणार. शास्त्री-पंडितांकडे त्याला भारदस्त नाव आहे, स्थूणानिखनन न्याय : आपल्याच सिद्धान्तावर शंका काढायची, तो हलवून बघायचा आणि उत्तराने घट्ट करायचा. मला आबांची पहार जास्त पटते.

"तुझा भाऊ पण खुर्ची हलवतोच की," आबा हात झटकत म्हणाले. "मजा झाली की उठून जातो. फट कुणी बुजवायची?"

तिने वहीत लिहिलं : 'आबांनी माझ्याकडून खुंटा डळमळवून घेतला आणि मग तो पक्का केला.' बाईंनी लाल शाईने 'डळमळवून' खोडलं, वर 'हलवून' लिहिलं, आणि मार्क पूर्ण दिले.

गाय त्याच खुंट्याला बांधलेली असते. खुर्चीचे सांधे मात्र अजून कुणी ठोकलेले नाहीत. घरी आलात तर तिच्यावर बसू नका.