बर्फाचा उतार आणि अनुभवाचा पुरावा

स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचे, या भटकंतीत दमसास लागतोच. पण खरी कसोटी एका निर्णयाची असते. समोरचा उतार आज आपले वजन पेलेल का?

बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षाव नवा थर घालतो, वारा तो दाबून घट्ट करतो. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरणाऱ्याला थरांवर थर ही रचना नवी नाही. अजिंठा रांगेतला बेसॉल्टही तसाच साचला. मात्र तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला, आणि बर्फ पडल्यानंतरही आतल्या आत बदलत राहतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, तर पृष्ठभाग उणे वीसपर्यंत उतरू शकतो. दर दहा सेंटीमीटरमागे एक अंशाहून अधिक फरक पडू लागला की बाष्प वर सरकते आणि कण कोनदार, सुटे होतात. त्या भुसभुशीत थरावर पुढच्या वादळाने घट्ट थर बसवला की सापळा तयार. एका माणसाच्या वजनाने खालचा थर ढासळतो, ती मोड क्षणात दूरवर पसरते आणि वरचा थर अख्खाच्या अख्खा सुटतो. हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडते. स्कीसाठी मजेदार उतारही नेमके तेच.

काराकोरममध्ये थंडी कोरडी आणि कडक, म्हणून तिथे असे सुटे थर दीर्घकाळ टिकतात. पीर पंजालमध्ये, गुलमर्गच्या बाजूला, बर्फ तुलनेने उबदार आणि भरपूर. तिथे नव्या बर्फाचा भारच अनेकदा पुरतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि १७ सैनिक गेले. फेब्रुवारी २०२३मध्ये गुलमर्गजवळच अफरवाटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू दगावले. पर्वताशी रोजचा परिचय असणे हे संरक्षण नव्हे.

याचे कारण बर्फ शिकवतो त्या पद्धतीत आहे. चुकीच्या वेळी पेरलेले बी उगवत नाही, शेतकऱ्याला चूक त्याच हंगामात कळते. धोकादायक उतार मात्र दहापैकी नऊ वेळा माणसाला सहज जाऊ देतो, आणि जाणारा ते आपले कौशल्य समजतो. कालच्या स्कीचे माग दिसले तरी तेवढ्यावर विसंबणे भोळेपणाचे. दुबळा थर कुठे जाड बर्फाखाली दबलेला असतो, कुठे पातळ बर्फाखाली. पहिले चौघे वाचतात आणि पाचव्याचा पाय नेमक्या जागी पडतो.

म्हणून खड्डा खणून थर पाहतात. तीस सेंटीमीटर रुंद-लांब खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून दहा-दहा टोले देतात. थोडक्या टोल्यांत खांब सपाट कापला गेला तर परत फिरावे. कापला गेला नाही तर? तर त्या एका जागेपुरते कळले, एवढेच. ही चाचणी उताराला दोषी ठरवू शकते, निर्दोष नाही.

बुलढाणा जिल्ह्यातली मुले बर्फात जातात ती बहुतेक लष्करी सेवेत. ऑक्टोबर २०२३मध्ये सियाचिनवर कर्तव्यावर असताना गेलेले अग्निवीर अक्षय गवते याच जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचे. त्यांच्या मृत्यूचा हिमस्खलनाशी संबंध नव्हता. पण चौकी कुठे असावी आणि गस्त कधी निघावी, हे तिथला जवान ठरवत नाही. हौसेने जाणाऱ्याला ते स्वातंत्र्य आहे. शिखर ठरले, सुट्टी संपत आली, पैसे भरले, एवढ्यासाठी ते गहाण टाकणे समर्थनीय नाही.

बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवेच, तेही वापरता येणारे. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर जगण्याची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. २०१६मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमस्खलनाखालून सहा दिवसांनी जिवंत सापडलेले लान्स नायक हनुमंतप्पा हा विरळा अपवाद. तेही पुढे काही दिवसांतच गेले. उतार ओलांडायचाच तर एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ खचला किंवा पृष्ठभागावर भेगा धावल्या, तर खड्डा खणण्याचीही गरज उरत नाही. अशा दिवशी तीस अंशांहून सौम्य आणि ज्याच्या माथ्यावर दुसरा तीव्र उतार नाही असा उतार निवडता येतो. वेग कमी मिळतो, पण स्की तिथेही चालतात.